"बरं हाय की" ऐकलंत? आता खरं विचारायला लागा

पिग्मीच्या, म्हणजे एजंट घरी येऊन रोज थोडे पैसे जमा करतो त्या बचतीच्या, ॲपचं डिझाइन दाखवायला बेळगावच्या वडगावातल्या विणकराच्या घरी गेलात तर आधी चहा येतो. ॲप कसं वाटलं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "बरं हाय की." ते वहीत लिहून घेऊन टिळकवाडीच्या ऑफिसात परत येऊ नका. दारात आलेल्याच्या कामाला नावं ठेवत नाहीत आपल्याकडे. पण हे फक्त बेळगावचं नाही. मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं की प्रयोगात बसलेली माणसं समोरच्याला काय हवंय ते ताडतात आणि तसं वागतात.

माझी आतेबहीण धारवाडला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. तिच्याकडून उचललेलं सांगते.

"सोपं वाटलं का?" विचारूच नका. "काल एजंट पैसे घेऊन गेला, मग तुम्ही काय केलंत?" असं विचारा, म्हणजे मत नाही, घडलेलं बाहेर येतं. नंतर गप्प बसा. आपल्याला गप्प बसणं जमत नाही, त्यात डिझायनर तर स्वतःच्या स्क्रीनची वकिली करायला टपलेला असतो.

थोड्या वेळानं घरातल्या मावशी म्हणतात, "मेसेज येतंय, पोरगं वाचून दाखवतंय."

इथं "का?" म्हणू नका. "का" आला की माणूस सफाई द्यायला लागतो. त्यांचेच शब्द परत द्या: "पोरगं वाचून दाखवतंय?"

"कन्नडात असतंय न्हवं. मी आपलं पासबुकच बघतो."

झालं, दुखणं सापडलं. बटणाचा रंग हिरवा की निळा, यावर ऑफिसात घातलेला वाद गेला चुलीत. शब्द परत देण्याची ही रीत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या उपचारपद्धतीतली. १९४० च्या दशकात ते उपचारातली संभाषणं रेकॉर्ड करून पुन्हा ऐकत. तुम्हीही ऐका, स्वतःचीच बडबड किती असते ते कळेल.

मात्र असं ऐकून घेणारं कुणी भेटलं की माणसं मोकळी होतात. कर्ज, नवऱ्याची दारू, सगळं निघतं. ऐकून घ्या, पण खोदू नका, सल्ला देऊ नका आणि प्रेझेंटेशनात तर अजिबात टाकू नका. फारच जड वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून द्या. आपण डिझायनर आहोत, उपचार करायचा परवाना आपल्याकडे नाही.

रेकॉर्डिंगची परवानगी मात्र सुरुवातीलाच, मराठीत वाचून दाखवून घ्या. सही झाल्यावरही त्या मध्येच "बंद करा" म्हणाल्या, तर लगेच बंद.