रेघ निगेटिव्हवर की स्कॅनरमध्ये?

घरी कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन करताना एका रोलच्या पट्टीवर सगळ्या फ्रेममधून बारीक काळी रेघ आडवी आरपार गेलेली दिसली. कॅमेऱ्यात वाळूचा कण शिरला आणि त्यानं इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, खरवडलं, असं मी धरून चाललो. तीन दिवस कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आता रेघ दिसली की मी आधी पट्टी १८० अंशांत फिरवून होल्डरमध्ये (फिल्म धरणाऱ्या चौकटीत) घालतो आणि पुन्हा स्कॅन करतो. आधी नाकावरून जाणारी रेघ अजून नाकावरच असेल, तर ती फिल्मवर आहे. नाकावरून हनुवटीवर सरकली, तर ती स्कॅनरची. फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर सुरुवातीला काचेच्या एका टोकाशी असलेल्या मोकळ्या जागेतून दिव्याचा उजेड मोजून घेतो. तिथं धुळीचा कण असला, तर त्या ठिकाणी उजेड कमी आहे असं समजून तो भरपाई करतो, आणि ती भरपाई स्कॅनच्या पूर्ण लांबीभर चालू राहते. निगेटिव्हचं पॉझिटिव्ह केलं की तीच उजळ रेघ काळी दिसते. तेवढी जागा काचेच्या दोन्ही बाजूंनी पुसा. होल्डरला तिथं मुद्दाम खिडकी ठेवलेली असते; तिच्यावर फिल्मचं टोक येऊ देऊ नका.

फिल्मवरची धूळ मात्र पांढरी उमटते, कारण ती उजेड अडवते. मागच्या चकचकीत बाजूवरचा ओरखडाही बहुधा पांढराच येतो. काळा ओरखडा म्हणजे इमल्शनमधली चांदीच खरवडली गेली. ते पुसून जाणार नाही, संगणकावर भरूनच काढावं लागेल. धुळीसाठी रबरी फुंकणी वापरा, तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ठिपका धुळीपेक्षा चिवट असतो. इन्फ्रारेडनं धूळ ओळखणारी सोय बंद ठेवा. चांदी इन्फ्रारेड किरणही अडवते, त्यामुळे सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून कडा कुरतडतं. इल्फर्ड एक्सपी२सारखी रंगीत फिल्मच्या रसायनात धुतली जाणारी फिल्म याला अपवाद, कारण तिच्यात शेवटी चांदी उरत नाही, रंगद्रव्य उरतं.

लाटांसारखी वलयं दिसली तर ती न्यूटनची वलयं. फिल्मची चकचकीत बाजू काचेला टेकली की ती येतात. मंद, मॅट दिसणारी बाजू काचेकडे करा आणि उलटं आलेलं चित्र संगणकावर आरशासारखं फिरवा. त्याहून चांगलं म्हणजे फिल्म काचेला टेकूच देऊ नका. वळलेली पट्टी बाहीत (फिल्म ठेवायच्या पाकिटात) घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवली की बरीच सरळ होते.

सगळंच चित्र मऊ येत असेल तर शार्पनिंग वाढवू नका, उंची तपासा. बऱ्याच फ्लॅटबेडचा फोकस काचेच्या वर ठराविक अंतरावर बांधलेला असतो. होल्डरच्या चारही कोपऱ्यांखाली जाड कागदाचा एकेक तुकडा वाढवत स्कॅन करा आणि फिल्मचा दाणा कुठे टोकदार दिसतो ते बघा. माझ्या होल्डरला दोन तुकडे लागले. ते मी कायमचे चिकटवून टाकले.

रिझोल्यूशनच्या मोठ्या आकड्यांच्या नादी लागू नका. ३५ मिमीची फ्रेम २४×३६ मिमी असते. खरोखर २४०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) मिळाले तरी ३०० डीपीआयनं सुमारे साडेसात बाय सव्वाअकरा इंचांचा प्रिंट निघतो.

आता आभाळात पायऱ्या पडण्याचा दोष. पातळ, म्हणजे फिकट उतरलेल्या, निगेटिव्हमधले सगळे टोन हिस्टोग्रामच्या (कुठली छटा किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखाच्या) छोट्याशा पट्ट्यात दाटलेले असतात. ८ बिटमध्ये एकूण छटाच २५६. त्यातल्या साठ-सत्तर ताणून सगळीकडे पसरल्या की पायऱ्या दिसणारच. म्हणून १६ बिट ग्रेस्केल आणि टिफ फाइल. मी स्कॅनरला फिल्म ‘पॉझिटिव्ह’ आहे असं खोटंच सांगतो, ऑटो एक्स्पोजर आणि शार्पनिंग बंद करतो, हिस्टोग्रामच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा सोडतो आणि निगेटिव्हचं पॉझिटिव्ह संगणकावर करतो. अशी कच्ची फाइल मरगळलेली दिसते. घाबरू नका, उजेड-अंधार जुळवणारा कर्व्ह नंतर आहेच. स्कॅनरनं एकदा कापून टाकलेला ढग मात्र परत मिळत नाही. फिल्मची गुलाबी झाक ग्रेस्केलमध्ये आड येत नाही. पण फिल्म दुधाळ, गढूळ दिसत असेल तर फिक्सिंग (उरलेली चांदीची क्षारं काढून टाकण्याची पायरी) अपुरं झालंय. ताज्या फिक्सरमधून पुन्हा काढा आणि नीट धुवा.

प्रिंटची तक्रार बहुतेक वेळा एकच: ‘स्क्रीनवर छान, कागदावर काळपट.’ प्रिंटर निम्म्या वेळा निर्दोष असतो, स्क्रीनच फार उजळ ठेवलेली असते. तिचा उजेड इतका कमी करा की शेजारी प्रकाशात धरलेला कोरा कागद आणि स्क्रीनवरचा पांढरा सारखे वाटतील. करडा रंग हिरवट किंवा जांभळट झाला, तर आधी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं तुंबली नाहीत ना याची चाचणी. मग रंगाचा कारभार संगणक आणि प्रिंटर दोघेही तर करत नाहीत ना, ते बघा. दोघांपैकी एकालाच करू द्या. प्रिंटरमध्ये खास कृष्णधवल मोड असेल तर तोच वापरा. कागदाचा प्रकारही नेमका निवडा: चकचकीत कागदाला मॅट काळी शाई दिली की ती वर बसते आणि बोटाला लागते.

पूर्ण कागद घालवण्याआधी चेहरा आणि गडद सावली दोन्ही येतील अशी दोन बोटं रुंद पट्टी छापा, कर्व्ह थोडा बदलून तीन वेळा. ताज्या शाईवर निकाल देऊ नका, पट्ट्या रात्रभर वाळू द्या आणि सकाळी खिडकीशी बघा. प्रत्येकीच्या मागे सेटिंग पेन्सिलीनं लिहा. मी एकदा न लिहिता तिन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या, सकाळी मधली उत्तम ठरली, आणि ती कुठल्या कर्व्हची हे शोधायला आणखी चार पट्ट्या छापाव्या लागल्या.