फुलदाणीतील फुले दुसऱ्याच दिवशी माना टाकतात? या चुका टाळा

साताऱ्यात मोती चौकातून फुले आणायची आणि चपला काढून होतात न होतात तोच ती फुलदाणीत उभी करायची, ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. फूल तोडल्यापासून देठ कोरडा असतो. त्याच्या टोकाशी पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत हवा शिरते आणि काप वाळून बंद होतो, त्यामुळे फुलदाणी काठोकाठ भरली तरी फूल तहानलेलेच राहते. मी घरी येताच प्रत्येक देठ बादलीतील पाण्यात धरून, धारदार सुरीने, टोकापासून दोन बोटे तिरका कापते. बोथट कात्रीने देठ चेंबतो, म्हणून ती वापरत नाही. कापलेली फुले तीन-चार तास गार, अंधाऱ्या खोलीत पाण्यात ठेवल्याखेरीज मी मांडणीला हात लावत नाही. एवढा वेळ नसेल, तर त्या दिवशी नुसती हिरवी पाने लावावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री मला पोहोचायला उशीर झाला. तोवर घरातील मुलींनी हौसेने साठ जरबेरा उंच काचेच्या फुलदाण्यांत लावून टाकले होते आणि पाणी गळ्यापर्यंत भरले होते. सकाळी सहाला पाहिले, तर जवळजवळ प्रत्येक फुलाची मान पाकळ्यांच्या बोटभर खाली मोडल्यासारखी वाकलेली. जरबेराचा देठ मऊ आणि लवदार असतो. खोल पाण्यात तो बुळबुळीत होऊन कुजू लागतो, म्हणून त्याला चार बोटे पाणी पुरते, मात्र ते रोज बदलावे लागते. मी सर्व देठ पुन्हा कापले, दहा-दहा फुले वर्तमानपत्रात सरळ, घट्ट गुंडाळली आणि उथळ पाण्यात उभी केली. दीड तासाने बहुतेक फुलांच्या माना ताठ झाल्या. ज्यांचे देठ खालून गळले होते, ती मात्र टाकूनच द्यावी लागली. अकराच्या मुहूर्ताला टेबलावर उरलेली फुले नीट उभी होती, पण त्या सकाळची धावपळ मी विसरलेले नाही.

पाण्याखाली जाणारे प्रत्येक पान काढलेच पाहिजे. ते कुजते, जिवाणू वाढतात आणि देठाची तोंडे बुजतात. गुलाब आणि शेवंतीच्या बाबतीत हा आळस हमखास नडतो. पाण्यात साखर टाकली की पाणी बदलण्याची गरज उरत नाही, हा समज त्याहून घातक आहे, कारण नुसती साखर जिवाणूंनाही पोसते. फुलदाणी साबणाने, आतून ब्रशने घासावी आणि पाणी रोज बदलावे, एवढे मी न चुकता करते.

पिकलेल्या केळ्यांच्या किंवा आंब्यांच्या टोपलीशेजारी फुलदाणी ठेवू नये. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशनची फुले अकाली मिटतात. फ्लोरल फोम, म्हणजे देठ खोचण्यासाठीचा पाणी शोषणारा स्पंजासारखा ठोकळा, पाण्यात दाबून बुडवू नये, तो आपोआप बुडू द्यावा, नाही तर आत कोरडी पोकळी राहते. क्रोटनची पाने ओल्या फडक्याने पुसूनच लावावीत. मांडणी वेगळी दिसावी म्हणून कासच्या पठारावरून रानफुले तोडून आणणाऱ्यांना मी दारातच अडवते: तिथे फुले तोडायला मनाई आहे, आणि ती नाजूक फुले घरी पोहोचेपर्यंत सुकूनही जातात.

निशिगंधाची छडी खालून वर उमलत जाते, तेव्हा खालची वाळलेली फुले रोज चिमटीने खुडली की वरच्या कळ्या उमलत राहतात आणि छडी नीटनेटकी दिसते. ग्लॅडिओलस मात्र रात्रभर आडवा ठेवू नये. त्याचा शेंडा उजेडात असो वा अंधारात, वरच्या दिशेने वळतो आणि एकदा वळला की मग सरळ होत नाही. तो आणल्यापासून उभाच ठेवावा.