ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये कोळी पकडून रेशीम काढताय? मग या चुका टाळा

नाशिककरांना पिंजरा काय असतो ते समजवायला नको. निफाड-सिन्नरकडे उसात बिबट्या दिसला की वनखात्याचा पिंजरा लागतो, आत बकरी, पण बकरीचा कप्पा वेगळा, मधे जाळी, म्हणजे बिबट्या आत येतो पण बकरीला दात लागत नाही. ड्वार्फ फोर्ट्रेस या कॉम्प्युटर गेममध्ये आपण ड्वार्फ म्हणजे बुटक्यांचा किल्ला चालवतो, आणि त्यातला सिल्क फार्म एवढाच आहे, फक्त बिबट्याच्या जागी जायंट केव्ह स्पायडर, म्हणजे गुहेतला राक्षसी कोळी. तो आमिषावर जाळं मारतो, विणकर ते गोळा करतात, तेच रेशीम. हे डोक्यात आधी आलं असतं तर माझे दोन किल्ले वाचले असते. २०२२ च्या डिसेंबरात गेम स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात चित्रांसकट आला तेव्हापासून खेळतोय, तरी.

लोकांना वाटतं कोळी पकडणं अवघड. अजिबात नाही, गुहेच्या तोंडाशी केज ट्रॅप (पिंजऱ्याचे सापळे) ओळीने टाका, येतो आणि अडकतो. एका ट्रॅपमध्ये एकच, मग रिकामा पिंजरा परत लावेपर्यंत तो बंद, म्हणून चार-पाच तरी हवेत. माणसं मरतात ती नंतर.

माझी पहिली विणकर बाई कशी गेली सांगतो. स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे किल्ल्याच्या कायमच्या हुकमांत, जाळी आपोआप गोळा करायचं सुरूच असतं, मी कधी बघितलंच नाही. खाली गुहेत कोळ्याने कुठल्यातरी प्राण्यावर जाळं मारलं, आणि ही बाई हातमाग सोडून निघाली की तिथे, एकटी, शांतपणे, जशी काही भाजी आणायला चाललीये. मी झूम करेपर्यंत ती जाळ्यात आणि कोळी तिच्यावर. गुहा उघडायच्या आधी ते ऑटो कलेक्ट बंद करा, बाकी सगळं नंतर.

दुसरी चूक पिंजरा उघडताना. कोळ्याला खड्ड्यात टाकायची किंवा साखळीला बांधायची ऑर्डर दिली की एक ड्वार्फ त्याला हाताने बाहेर काढतो आणि तिथेच तो सुटू शकतो. त्यापेक्षा भरलेला पिंजरा फार्मच्या बंद खोलीतच बांधा, लिव्हरला जोडा (दोन मेकॅनिझम, म्हणजे यंत्राचे भाग, लागतात, एक पिंजऱ्याला एक लिव्हरला), सगळे बाहेर आले की भिंत बुजवा आणि मग लिव्हर ओढा.

आता कोळी आणि आमिष यांच्या मधली भिंत. ती फोर्टिफिकेशनची, म्हणजे झरोके असलेलीच हवी, त्यातून जाळं पलीकडे जातं पण कोळी जात नाही. भिंतीला लागून ड्रॉब्रिज, म्हणजे वर उचलता येणारा पूल, म्हणजे पूल वर केला की कोळ्याला पलीकडचं दिसणं बंद आणि विणकर निवांत. इथे घाई नको, लिव्हर ओढल्यावर पूल उठायला १०० टिक (गेममधल्या वेळेचं सगळ्यात छोटं माप) लागतात, मी लिव्हर ओढली त्याच क्षणी दरवाजा उघडला आणि दोघं गेले. आणि पूल खाली येतो त्या चौकटीत काही ठेवू नका, खाली सापडलेलं गायबच होतं.

सगळं बांधलं तरी कोळी जाळं मारत नाही? बहुतेक वेळा आमिष पिंजऱ्यातच ठेवलेलं असतं, तसं चालत नाही, मोकळं किंवा साखळीला बांधलेलं पाहिजे आणि कोळ्याला सरळ दिसलं पाहिजे. कोळी रानटी असेल तर तुमची बकरी पण चालते. ट्रेनरकडून माणसाळवला असेल तर तो बकरीकडे बघणार पण नाही, मग पकडलेला गॉब्लिन (ड्वार्फांचा शत्रू) लागतो. माणसाळवलेला बरा असं मला वाटतं, फक्त ट्रेनिंग उतरत जातं ते विसरू नका.

एक मित्र म्हणतो एवढ्या मेहनतीपेक्षा येवल्याला जा, सरळ पैठणी मिळते, कोळी अंगावर येत नाही. त्याचं बरोबर आहे, पण या रेशमाला व्यापारी भाव देतात तो बघितला की सगळं माफ.

फरगॉटन बीस्टवर, म्हणजे गुहेतून येणाऱ्या अजस्र राक्षसावर, हाच प्रयोग करणाऱ्यांनी थांबा, तो ट्रॅप टाळतो, जाळ्यात अडकला किंवा बेशुद्ध पडला तरच सापडतो. आणि हाच नियम आपल्या ड्वार्फना पण लागू आहे बरं का. मी फार्मच्या वाटेवरचे जुने केज ट्रॅप काढले नव्हते, एक विणकर जाळ्यात अडकला तो नेमका ट्रॅपवरच, पिंजऱ्यात गेला, आणि दुसऱ्या ड्वार्फने तो पिंजरा उचलून इमानेइतबारे जनावरांच्या स्टॉकपाइलमध्ये (साठवायच्या जागेत) टर्कीशेजारी नेऊन ठेवला. मी तोपर्यंत त्याला सगळ्या किल्ल्यात शोधत होतो.