जुनं जर्मन फॅक्टरी किट कापून गोदीवरचं गोदाम कसं करायचं

मॉडेल रेल्वेवाल्या प्रत्येकाच्या माळ्यावर एक तरी अर्धवट जोडलेलं, प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून करायचं फॅक्टरीचं किट पडलेलं असतं. माझं मामाने हॅम्बुर्गहून आणलेलं, तो जहाजावर होता, आणि मी ते आठवीत असताना ट्यूबमधला ग्लू फासून फासून जोडलेलं, छतावर माझ्या अंगठ्याचा ठसा अजून आहे. अशी किटं लोक फेकतात किंवा आहे तशी रुळाशेजारी ठेवतात, आणि मग आपलं डब्ल्यूडीएम-टू डिझेल इंजिन बव्हेरियातल्या कारखान्यासमोरून जाताना दिसतं. दोन्ही करू नका. तेच किट कापून मुंबईच्या गोदीतलं लांबलचक गोदाम होतं. मी आत्तापर्यंत अशी पाच केली, त्यातली पहिली दोन कचऱ्यात गेली, ती का गेली हे सांगायलाच मुख्यतः हे लिहितोय.

किट एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १:८७ असलं तर उत्तम. विटांचं हवं, आणि भिंतीत ठराविक अंतरावर बाहेर आलेले खांब हवेत, खांब-खिडकी-खांब-खिडकी असं. घराचं किंवा स्टेशनचं किट यासाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. गोदी म्हणजे एकच खण पुन्हा पुन्हा आणि भरपूर लांबी, आणि फॅक्टरीच्या किटमध्ये नेमकं तेच असतं, फक्त ते चौकोनी डब्यासारखं उभं केलेलं असतं.

स्टीलची पट्टी, गुण्या, रेझर सॉ (बारीक दातांची पातळ करवत), कानस, ४०० नंबरचा पॉलिश पेपर हे सगळं आहे असं धरतो. एकच सांगतो, सुताराकडे सनमायका कापायचा आकड्यासारख्या टोकाचा कटर असतो तो हार्डवेअरमधून आणा. प्लास्टिकवर सरळ चर पाडायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, इम्पोर्टेड स्क्रायबरवर पैसे घालवू नका.

आधी जुनं किट उकलायचं. फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे आपोआप सुटतं असं सगळीकडे वाचाल. इन्स्टंट ग्लूने जोडलेलं असेल तर खरंच सुटतं, थंडीने तो ग्लू ठिसूळ होतो. पण ट्यूबच्या ग्लूने प्लास्टिक वितळून एकजीव झालेलं असतं, ते फ्रीझरला भीक घालत नाही, तिथे कोपऱ्यातून रेझर सॉ घालून कापायचंच. कोपऱ्याच्या एक-दोन मिलीमीटर गेल्या तर जाऊ देत. रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर लावू नका, भिंतीचं च्युइंगम होईल.

आता भिंती मोजा. माझ्या किटच्या दोन लांब भिंती २२ सेंमीच्या आणि दोन आखूड १२ च्या होत्या. डबा म्हणून उभं केलं तर बघणाऱ्याला एकच भिंत दिसते, बाकीच्या तीन फुकट. त्यापेक्षा दोन्ही लांब भिंती आणि एक आखूड एका रेषेत लावा, ५६ सेंमीचा दर्शनी भाग होतो, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ ४९ मीटर. उरलेली आखूड भिंत मधोमध कापून दोन टोकांना ६-६ सेंमीच्या बाजू करा. मागे काहीच नाही, मागे लेआउटची, म्हणजे रेल्वेचा देखावा ज्यावर मांडलाय त्या टेबलाची भिंत. कापण्याआधी चारही भिंती झेरॉक्सच्या दुकानात नेऊन काचेवर पालथ्या ठेवून झेरॉक्स काढा, दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे. ते कागद टेबलावर मागेपुढे सरकवून बघा आणि दोन दिवस तसेच ठेवा. प्लास्टिक कापलं की परत जोडता येतं पण लपवता येत नाही.

आणि लपवणं हाच सगळा खेळ आहे. पहिल्या वेळी मी खिडक्यांच्या बरोबर मध्ये, सपाट विटांवर कापलं. कारण काय, तर मोजायला सोपं. जोडलं, फटीत पुट्टी भरली, घासली. पुट्टीने फट भरली आणि घासताना दोन्ही बाजूंच्या विटाही गेल्या, बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा तयार झाला, त्यावर सुईने विटा कोरत बसलो तीन संध्याकाळी. रंग लावल्यावर अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यासारखी उभी खूण. हे पुट्टी भरा आणि घासा सांगणारे लोक विटांची भिंत कधी जोडतच नसावेत. पुट्टी गाडीच्या पत्र्याला ठीक, विमानाच्या मॉडेलला ठीक, विटांना नाही म्हणजे नाही.

कापायचं ते खांबाच्या कडेला. खांब भिंतीच्या बाहेर आलेला असतो, त्याची बाजू आणि भिंत जिथे मिळतात तिथे एक आतला कोपरा असतो आणि त्यात कायम सावली असते. एका भिंतीचा शेवटचा खांब ठेवायचा आणि त्याच्या बाहेरच्या कडेला लागून कापायचं, दुसऱ्या भिंतीचा पहिला खांब पूर्ण उडवायचा, तिचा कापलेला काठ या खांबाच्या कुशीत जाऊन बसतो. जोड नेमका सावलीत येतो. वर खणांचं अंतरही बिघडत नाही, कारण दोन खांब शेजारी शेजारी आले तर डोळा लगेच तिथे अडतो, कुणालाही न शिकवता कळतं की इथे काहीतरी चिकटवलंय.

कापताना ओळीच्या किंचित बाहेर कापा आणि उरलेलं कानशीने घ्या. कटरने पट्टी धरून आठ-दहा हलके हात मारायचे, एकदाच जोर लावून नाही, आणि मग टेबलाच्या कडेवर ठेवून मोडायचं.

आता विटांचे थर. जुन्या किटमध्ये समोरची आणि मागची भिंत वेगवेगळ्या साच्यातली असू शकते आणि थर एकाच उंचीला सुरू होतील याची काही गॅरंटी नाही, माझ्या किटमध्ये अर्ध्या विटेचा फरक होता. सगळे काय करतात, दोन्ही भिंतींचे तळ एका पट्टीला टेकवतात आणि जोडतात. मग तळ सरळ आणि वरचे सगळे थर तुटलेले. उलटं करा. तळ विसरा. खिडक्यांच्या खालच्या काठाजवळचे थर जुळवा, कारण बघणाऱ्याची नजर तिथे असते, आणि तळाला जी पायरी पडेल ती नंतर एका रेषेत कापून टाका. त्यावर दगडी जोत्याची पट्टी येणारच आहे, खाली काय झालं ते देवालाही दिसणार नाही.

जोडायची जागा सपाट हवी म्हणून मी भिंती पालथ्या, विटा खाली करून, काचेवर ठेवायचो. आणि मागून सॉल्व्हंट, म्हणजे प्लास्टिक वितळवून जोडणारा पाण्यासारखा ग्लू, सोडायचो. पातळ सॉल्व्हंट फटीतून आपोआप खेचलं जातं, तेच त्याचं काम, पण ते पुढच्या बाजूला पोचून काच आणि विटांच्या मध्ये पसरतं आणि तिथून उडून जायला वाट नसते. भिंत उचलली तेव्हा जोडाच्या दोन्ही बाजूंच्या विटा साबणाच्या वडीसारख्या झालेल्या. दुसरं गोदाम तिथे गेलं. आता मी काचेचे दोन तुकडे घेतो, मध्ये बोटभर फट ठेवतो आणि जोड बरोबर त्या फटीवर आणतो. जोडाखाली फक्त हवा. ब्रशच्या टोकाने एक थेंब, बास, मग दहापर्यंत मोजायचं आणि दुसरा. जोड बोटाने दाबून धरू नका, सॉल्व्हंट बोटाखाली शिरतं आणि विटांवर तुमचा ठसा कायमचा उठतो, माझ्या छतासारखा. क्लिप लावा. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

एवढं करूनही बारीक फट राहिली तर किटची जी फ्रेम असते, ज्याला सगळे भाग लटकलेले असतात, तिचे बारीक तुकडे थोड्या सॉल्व्हंटमध्ये दोन दिवस ठेवून मधासारखा रस करा आणि तो फक्त मागच्या बाजूने भरा. तो सुकताना आकसतो, म्हणून आठवडाभर हात लावू नका.

भिंत वाकणं हे दुसरं दुखणं. ५६ सेंमीची सलग भिंत मागून पट्ट्या चिकटवून मजबूत केली, छान ताठ झाली, आणि पंधरा दिवसांनी केळं. सॉल्व्हंट एकाच बाजूने जिरलं की प्लास्टिक त्या बाजूला ओढलं जातं. त्यामुळे मागे रुंद पट्ट्या आडव्या झोपवून चिकटवू नका. पट्टी काठावर उभी करा, भिंतीला फक्त तिचा २ मिमीचा काठ लागेल अशी, आणि थेंब थेंब टाकून जोडा. जोडाच्या मागे मात्र एक छोटा चौकोनी तुकडा आडवाच लावा, तेवढ्याने काही होत नाही. नंतर मागच्या सगळ्या सांगाड्यासाठी सनबोर्ड (पाट्या करायला वापरतात तो हलका फोमचा बोर्ड) वापरा आणि तो अराल्डाइटने लावा, स्टायरीनचे शीट परदेशातून मागवायची काही गरज नाही.

इथून पुढे सोपं. रंगाचं प्रत्येकाचं आपलं आपलं असतं, मी फक्त एवढं म्हणेन की आपल्याकडच्या गोदामांच्या विटा बऱ्याचदा चुन्याने किंवा पिवडीने रंगवलेल्या असतात आणि तो रंग जागोजागी उडालेला असतो, सगळी भिंत लालभडक ठेवली तर ती जर्मनीतच राहते. चिमण्या काढा. खिडक्या किटच्याच चालतील, चार-पाच पत्र्याने बंद करा, खालच्यांना गज लावा. तळमजल्याच्या दोन-तीन खिडक्या खालपर्यंत कापून मोठे सरकते दरवाजे करा. वरच्या मजल्यावर एका दाराच्या डोक्यावर बाहेर आलेली तुळई आणि तिला कप्पी.

छप्पर मात्र किटचं वापरू नका. ते बर्फ घसरावा म्हणून उभट असतं आणि त्यावरची कौलं माशाच्या खवल्यांसारखी असतात, मंगलोरी कौलं बघत वाढलेल्या माणसाला ती लांबूनही खुपतात. कमी उताराचं पत्र्याचं छप्पर करा. खऱ्या नळीदार पत्र्यात एका नळीपासून दुसरी साधारण ७५ मिमीवर असते, एचओमध्ये ०.९ मिमीच्या आसपास, त्या मापाच्या खाचा असलेल्या कशावरही जाड अॅल्युमिनियम फॉइल दाबून घ्या. लहान लहान पत्रे कापून एकावर एक चढवा, सलग लावू नका. दोन-चार गंजलेले, एका कोपऱ्यात निळी ताडपत्री आणि तिच्यावर टायर.

जोड अजूनही खुपत असेल तर त्याच्यावरून पावसाच्या पाण्याचा बिडाचा पाइप खाली आणा, आणि पाइपच्या मागून एक पिंपळ. मुंबईतल्या जुन्या भिंतीला पिंपळ नसेल तरच लोक विचारतील.

आता हे सगळं पाण्याकाठी कसं आणायचं. इथे लोक भिंतीवर महिना घालवतात आणि खाली निळा रंग फासून मोकळे होतात. आधी उंच्या ठरवा. रुळापासून गोदामाचा माल चढवायचा फलाट साधारण साडेतीन फूट, एचओमध्ये एक फूट म्हणजे साडेतीन मिमी, तेव्हा १२ मिमी. गाडीच्या डब्याचं दार आणि गोदामाचं दार एका पातळीत आलं की ते गोदाम वाटतं. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ साली सुरू झाली, बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत, आणि गोदीत रूळ सरळ फरसबंदीत बुडवलेले असायचे, खडी नाही. हे करायला सोपंही आहे, रुळांच्या मध्ये आणि बाजूला प्लास्टर भरून टाका, फक्त चाकांसाठी खाच ठेवा. (आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर एचओमध्ये १९ मिमीच्या वर जातं आणि रूळ मिळतात १६.५ मिमीचे, हा वाद मला माहीत आहे, फरसबंदीत बुडवल्यावर तो फरक डोळ्यात कमी येतो एवढंच म्हणतो.)

मग धक्क्याची भिंत. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. पाच मीटर म्हणजे एचओमध्ये ५७ मिमी. दोन सेंमीची भिंत करून ओहोटी दाखवली की ती बागेतल्या हौदासारखी दिसते. लेआउटला तेवढी खोली नसेल तर इंदिरा डॉकसारखी गेट असलेली गोदी करा, तिथे पाणी आत धरून ठेवलेलं असतं, भिंत कमी दिसली तरी चालते. उघडा धक्का करत असाल तर भरतीच्या रेषेखाली काळपट हिरवं शेवाळ, त्यात पांढुरके ठिपके, आणि ती रेषा पट्टीने मारल्यासारखी सरळ. भिंतीची झीज वेडीवाकडी असते, पाण्याची पातळी नसते. गोदीत पास असल्याशिवाय सोडत नाहीत, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची किंवा रेवसची लाँच पकडा आणि डोळे उघडे ठेवून बसा, तिकिटाच्या पैशात याहून चांगला अभ्यास होत नाही. पाण्याचा रंगही तिथेच बघा, करडा, गढूळ, थोडा हिरवा, तेलाच्या तवंगासकट.

गोदाम बसवताना तळाखाली कागदाएवढीही फट दिसता कामा नये, जोत्याभोवती प्लास्टर ओढून घ्या, त्यात थोडं गवत. पाणी म्हणून ओतायचं रेझिन सगळ्यात शेवटी, एका वेळी ३ मिमीपेक्षा जास्त नाही, आणि जून ते सप्टेंबर बाटली उघडूच नका, हवेतल्या दमटपणाने वर दुधासारखी साय धरते आणि ती घासून काढायला गेलात तर भिंतीवरचं शेवाळ निघून येतं.