खोकडाची भीड चेपलीय? खायला घालणं बंद कसं करायचं आणि त्याला परत लांब कसं ठेवायचं

आमच्याकडे संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला आई मागच्या ओट्यावर स्टीलची ताटली आपटायची, दोनदा, आणि कंपाउंडच्या पलीकडच्या एरंडाच्या शेतातून खोकड, म्हणजे आपल्याकडचा लहानसा फॉक्स, यायचं. सुरुवातीला जाळीच्या पलीकडे थांबायचं, मग जाळीच्या भोकातून अलीकडे, आणि दिवाळीनंतर तर थेट ओट्याच्या पायरीपाशी. आई म्हणायची बघ कसं वेळेवर येतं, तुझ्यासारखं नाही. मी व्हिडिओ काढले, सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, पन्नास हार्ट आले. म्हणजे दोष एकट्या आईचा अजिबात नाही, पहिलं पार्ले-जी मीच टाकलं होतं.

आम्ही बडोद्याला राहतो, सेवासीच्या पुढे सिंधरोटच्या बाजूला. इकडे आता भराभर सोसायट्या होतायत पण मधेमधे शेतं आहेत, पुढे मही नदीची कोतरं म्हणजे घळी आहेत, त्यामुळे जनावरं आहेतच. आम्ही त्यांच्या घरात आलोय वगैरे भाषण मी देत नाही, ते सगळ्यांना माहितीय. खाऊ घालायची सवय लागलेलं जनावर मारामारी न करता, पिंजरा न लावता परत जंगली कसं करायचं एवढंच लिहितो. आम्हाला हे जमलं, पण सोपं नव्हतं.

आधी येतंय ते काय आहे ते नीट बघा. आपण मराठीत सरसकट कोल्हा म्हणतो आणि द्राक्षांच्या गोष्टीने तर सगळाच घोळ घातलाय, कारण ती मुळात फॉक्सची आणि आपला कोल्हा म्हणजे जॅकल. इथले गुजराती शेजारी बरोबर फरक करतात, कोल्हा म्हणजे शियाळ आणि खोकड म्हणजे लोंकडी. खोकड अगदी लहान असतं, दोन-तीन किलोचं, मांजरापेक्षा थोडंसं मोठं, पाय काडीसारखे, कान मोठे आणि झुपकेदार शेपटीचं टोक काळं. कोल्हा कुत्र्याएवढा, आठ-दहा किलोचा, आणि रात्री कोल्हेकुई करतो तो हाच. पुढचं सगळं दोघांनाही लागू आहे, पण कोल्हा अंगाने मोठा आणि बऱ्याचदा जोडीने नाहीतर टोळीने येतो म्हणून तिथे जरा जास्त जपून.

आता हे का बंद करायचं. आमच्याकडे जानेवारीत पलीकडच्या रोहाउसमधली चार वर्षांची मुलगी अंगणात खाखऱ्याचं पाकीट घेऊन बसली होती. खोकड आलं आणि त्याने पाकीट ओढलं, चावलं नाही, फक्त ओढलं, पण ओढताना तिच्या मनगटावर नख लागलं, एक बारीक लाल रेघ. तिच्या आईने किंकाळी फोडली, खोकड दोन पावलं मागे गेलं आणि तिथेच बसलं. बसलं! म्हणजे त्याला कळेचना की आरडाओरडा कशासाठी, कारण त्याच्या हिशोबाने माणूस म्हणजे खायला देणारा, आणि पाकीट वाजलं म्हणजे जेवण आलं. मुलीला इंजेक्शनं घ्यावी लागली आणि रात्री चार जण काठ्या घेऊन शेतात गेले. ज्या जनावराला दोन महिने सगळ्यांनी लाडाने भरवलं त्यालाच मारायला. त्या रात्री ते सापडलं नाही हे नशीब.

रेबीजची गोष्ट इथेच सांगतो कारण ती कुणी नीट सांगत नाही. पिसाळलेल्या जंगली जनावराची एक मोठी खूण म्हणजे ते माणसाला घाबरत नाही, जवळ येतं. आपण खाऊ घालून काय करतो तर तीच खूण पुसून टाकतो. उद्या खरंच पिसाळलेलं खोकड पायरीपाशी आलं तर आई ताटली घेऊनच बाहेर येणार. तेव्हा झोकांड्या खाणारं, लाळ गळणारं, जबडा लोंबणारं, उगाच लाकडाला-दगडाला चावणारं जनावर दिसलं तर खाली लिहिलेलं काहीही करायला जाऊ नका, पोरांना आत घ्या, दार लावा आणि वनखात्याला फोन करा. नुसतं दिवसा दिसलं म्हणून मात्र पिसाळलेलं समजू नका, पिल्लं असली की ती दिवसाही फिरतात. आणि चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून पंधरा, हळद-चुना-मिरची काही भरायचं नाही, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं आणि सगळे डोस पूर्ण करायचे.

आता कामाचं. पहिलं काम म्हणजे सगळ्या घरांनी एकाच दिवशी बंद करणं, आणि हेच सगळ्यात अवघड. आम्ही आधी फक्त आमच्या घरचं बंद केलं आणि वाटलं झालं. पण बी लाइनमधल्या एक बेन रोज नाही पण दोन-तीन दिवसांनी खिचडी टाकायच्या, बिचारूं भूख्युं छे म्हणत. आणि खरं सांगायचं तर हे रोज घालण्यापेक्षा वाईट. रोज मिळणारं एकदम बंद झालं की जनावर काही दिवसांत समजतं की इथलं संपलं, पण कधी मिळतं कधी नाही असं झालं की ते सोडतच नाही, लॉटरीचं तिकीट घेणाऱ्या माणसासारखं रोज येऊन बघत राहतं. म्हणून मीटिंग घ्या, तारीख ठरवा, वॉचमन, माळी, कामवाल्या बाई, बांधकामावरचे मजूर, सगळ्यांना सांगा. आमचा वॉचमन रात्री डब्यातला भाकरीचा तुकडा देत होता हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

जीवदयेचा मुद्दा येणारच, बडोद्यात तर येणारच, आणि त्यावर हसू नका. मी असं सांगितलं की त्याला भूक नाहीये. खोकड वाळवी, नाकतोडे, उंदीर, खेकडे, बोरं, कडुलिंबाच्या निंबोळ्या असलं सगळं खातं, आणि कोल्हा काकडीला राजी ही म्हण काही उगाच पडलेली नाही, तो खरंच शेतातल्या काकड्या खातो. शेतात उंदीर भरपूर आहेत. बिस्किटातून त्याला मैदा आणि साखर मिळते आणि वर माणसाच्या दारात भटकी कुत्री भेटतात, ज्यांच्याकडून त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार होतो, खरूज होते, किंवा कुत्री सरळ फाडतात. दुसरं म्हणजे गाड्या. कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या नॅशनल पार्कात पर्यटकांनी भरवून भरवून फॉक्स रस्त्याच्या कडेला गाड्यांची वाट बघत उभे राहायला लागले, आपल्याकडे सिंधरोट रोडवर डंपर कसे जातात ते तुम्हीच बघा. आणि तिसरं, कोल्ह्याचं शिंग म्हणून भोंदू लोक काहीतरी केसाळ गोळा विकतात, त्यासाठी कोल्हे मारले जातात. माणसाजवळ येणारा कोल्हा पकडायला किती सोपा याचा विचार करा.

ग्रुपवर एकजण म्हणालेच की रशियात पाळलेत ना फॉक्स, मग आपण का नाही. पाळलेत, पण ते बिस्किटं घालून नाही. १९५९ साली बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञाने फरसाठी पाळलेल्या फॉक्समधले सगळ्यात शांत तेवढे निवडून त्यांचीच पैदास सुरू केली, ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आपल्या ओट्यावरच्या खोकडाचं पिल्लू जन्माला येताना पूर्ण जंगलीच असतं, फक्त आईच्या मागे येऊन ते वाईट सवय शिकतं. शिवाय आपल्याकडे जंगली जनावर पकडणं, पाळणं, पिल्लू घरी आणणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

दुसरं काम म्हणजे नकळत दिलं जाणारं खाणं शोधणं. कचऱ्याची गाडी सकाळी येते पण लोक पिशवी रात्रीच गेटबाहेर ठेवतात, तो झाला बुफे. झाकणाचा ड्रम घ्या आणि झाकणावर वीट ठेवा. भटक्या कुत्र्यांचं जेवण ठेवत असाल तर समोर उभं राहून पंधरा मिनिटांत भांडं उचला. कबुतरांचं धान्य पडलं की उंदीर येतात आणि उंदरांमागे खोकड. काकबळी ठेवायचा असेल तर गच्चीवर ठेवा. चिकन-मटणाचे तुकडे नाल्यात टाकणारे असतील तर त्यांना आवरा, शहरात विश्वामित्री नदीच्या काठाने हे केलं की मगर येते आणि इकडे केलं की कोल्हा, तेवढाच फरक. जाळीच्या खालचं भोक बुजवा, पण आधी दोन संध्याकाळी भोकात कागदाचा बोळा हलकाच ठेवून बघा, बोळा हलला नाही म्हणजे आत कुणी राहत नाही, मगच बुजवा.

आता तिसरं, घाबरवणं. हे ऐकायला क्रूर वाटतं. आईला तर तीन दिवस राग होता. पण नुसतं खाणं बंद करून भागत नाही, भीड चेपलेली असते ती परत बसवावी लागते. आम्ही बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत मूठभर खडे भरले, अशा पाच-सहा बाटल्या प्रत्येक मागच्या दाराशी ठेवल्या. खोकड दिसलं की बाहेर यायचं, उभं राहायचं, हात वर करून मोठं दिसायचं, त्याच्याकडे बघत बाटली वाजवायची आणि ओरडायचं. खिडकीतून वाजवू नका, कारण त्याला आवाज आणि माणूस यांचा संबंध लागला पाहिजे, नाहीतर ते नुसत्या आवाजाला सरावतं. ते थोडं मागे जाऊन थांबेल, बघेल, तिथे थांबू नका, पूर्ण नजरेआड जाईपर्यंत वाजवत राहा, अर्धवट सोडलं तर ते शिकतं की दहा पावलं मागे गेलं की काम भागतं. होजपाइपने पाण्याचा फवारा पण चालतो. आणि हे एकाच माणसाने करून उपयोग नाही, मी आठवडाभर एकट्याने केलं तर खोकड मला बघून पळायचं आणि शेजारच्या काकांसमोर जाऊन बसायचं! तेव्हा बायका, म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं सगळ्यांनी करायचं. लहान मुलांना यात घेऊ नका.

एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. पहिल्या दिवशी जे हाताला लागलं ते वाजवायचं म्हणून मी ताटली आणि चमचा घेऊन बाहेर गेलो. मी जोरजोरात वाजवतोय आणि ते शेपटी हलवत धावत जवळ येतंय. ताटली म्हणजे जेवण हे आम्हीच तर शिकवलं होतं. ज्या आवाजाने बोलावत होतात तो आवाज हाकलायला वापरायचा नाही.

दगड नको, गुलेर नको, फटाके नको, कुत्रा सोडायचा नाही, विष तर नाहीच. त्याला पळायला वाट ठेवा, कोपऱ्यात अडकलेलं जनावर चावतंच. शेतात बिळापर्यंत पाठलाग करू नका, खास करून हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत, कारण तेव्हा बिळात पिल्लं असतात. आणि कुणी म्हणेल पिंजरा लावून लांब सोडून या, तर नाही. ते नव्या जागी मरतं किंवा परत येतं, आणि इथे खाणं तसंच पडलेलं असेल तर दुसरं येऊन बसतं. जखमी दिसलं तर १९६२ वर फोन करा, ती प्राण्यांची ॲम्ब्युलन्स आहे, नाहीतर वनखातं. स्वतः उचलायला जाऊ नका.

पहिले आठ-दहा दिवस ते जास्त येईल, जास्त जवळ येईल, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे चौथ्या दिवशी ते भर दुपारी आलं आणि ओट्यावर चढून स्वयंपाकघराच्या जाळीला नाक लावून बसलं. आई आत पोळ्या करत होती. नाक ओलं होतं, जाळीवर त्याचा छोटा गोल ठसा उमटलेला, आणि आई म्हणाली एक तुकडा दे रे, शेवटचा. तो शेवटचा तुकडा दिला असता तर त्याला कळलं असतं की जाळीपर्यंत आलं की मिळतं आणि पुढच्या वेळी ते तिथूनच सुरू करतं. मी बाटली वाजवली. आईने गॅस बंद केला आणि आत जाऊन बसली. आता उरलेली पोळी सकाळी गाईला जाते, तिचं घास घालायचं समाधान कुठेतरी भागवावं लागतंच, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नुसतं बंद करा म्हणून चालत नाही.

आम्हाला साधारण दीड महिना लागला. आता ते येतं पण शेताच्या बांधावरून जातं, चाळीस-पन्नास पावलांवरून, माणूस दिसला की एरंडात घुसतं. उन्हाळ्यात पाणी ठेवायचं का असं बरेच जण विचारतात, माझं मत असं की पक्ष्यांसाठी उंचावर ठेवा, जमिनीवर घराजवळ नको. फोटो काढायचा तर गच्चीवरून झूम करा.

परवा भांडी वाळत घालताना माझ्या हातून डब्याचं झाकण फरशीवर पडलं, ठणठण करत गोल फिरलं, आणि लगेच एरंडातून दोन मोठे कान वर आले. मी खाली वाकून बाटली उचलली. कान गेले. तेव्हापासून आम्ही भांडी घरातच वाळत घालतो.