नाग ते कन्हान: बाटलीभर पाण्यावरून नदीचा गाळ कसा ओळखायचा

23 सप्टेंबर 2023 ला पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, त्या दुपारी मी आत्याकडे चिखल काढायला गेलो होतो. गेटपाशी खडे आणि जाड रेती, पोर्चमध्ये बारीक रेती, आणि आतल्या खोलीत लोण्यासारखा मऊ गाळ, त्यात खडा एक नाही. पाण्याचा जोर जसजसा कमी झाला तसतसं त्याने हातातलं ओझं खाली टाकलं, आधी जड, मग हलकं. अख्ख्या नदीत हेच चालतं, आणि पावसाळ्यातले दोन रविवार काढले तर तुम्हालाही ते दिसेल.

एक लिटरच्या चार-पाच पारदर्शक बाटल्या, मार्कर, दोरी बांधलेली बादली, भिंग आणि रबरी हातमोजे घ्या. नागमध्ये शहराचं सांडपाणी येतं, उघडा हात घालूच नका. आणि पूर चढताना काठावर जायचं नाही, पाणी उतरायला लागलं की मगच.

सुरुवात वाडीजवळच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांपासून करा, नागचा उगम तिकडचाच. गवत असलेला उतार बघा आणि प्लॉटसाठी खरवडलेला उतार बघा. उघड्या मातीवर पावसाचा थेंब आदळतो, कण सुटतात, बोटभर चऱ्या पडतात, त्या एकमेकींना मिळून घळ होते आणि घळ नाल्याला लागते. गढूळ पाण्याची पहिली बाटली इथेच भरा, दुसरी शहर ओलांडल्यावर पारडीकडे.

घरी आणून बाटली जोरात हलवा आणि ठेवून द्या, मग हात लावायचा नाही. मिनिटभरात तळाला बसते ती रेती, तिथे मार्करने रेघ मारा. दोन तासांनी दुसरी रेघ, मधला थर पोयट्याचा. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच ठेवते, कारण तिचे कण 0.004 मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. गंमत म्हणजे एकदा बसून घट्ट झालेली चिकणमाती उचलायला बारीक रेतीपेक्षा जास्त वेगाचं पाणी लागतं, कण एकमेकांना धरून असतात ना. ह्युल्स्ट्रोम नावाच्या स्वीडिश भूगोलतज्ज्ञाने 1935 मध्ये कोणत्या आकाराचा कण उचलायला किती वेगाचं पाणी लागतं, याचा आलेख मांडला.

आता कामठीला कन्हानवर जा. मूठभर रेती तळहातावर पसरून भिंगातून बघा, काचेसारखे कण दिसतील ते क्वार्ट्झ, गुलाबीसर ते फेल्डस्पार, चमकणारा अभ्रक. नागपूरच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट आहे, त्यात क्वार्ट्झ जवळपास नसतोच, तो कुजला की काळी चिकण माती होते. कन्हान छिंदवाड्याकडून सातपुड्यातून, जुन्या नाइस खडकांवरून येते, आणि या पट्टेदार खडकात क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक असतात, म्हणून तिच्याकडे रेती. नकाशा न उघडता फक्त रेतीवरून नदी कुठून आली ते सांगता येतं, मला हे फार आवडतं.

तिथेच वळण शोधा. बाहेरचा काठ उभा कापलेला असतो, आतल्या बाजूला रेतीचा पट्टा. चपटे गोटे असतील तर ते कवेलूसारखे एकावर एक रेललेले दिसतात आणि त्यांचा उतार पाणी येतं त्या दिशेला असतो, त्यामुळे कोरड्या पात्रातही प्रवाह कुठून कुठे गेला ते कळतं.

कामठीच्या वर बीना संगमावर पेंच कन्हानला मिळते, पण पेंचवर तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणं आहेत, तिची जाड रेती तिथेच अडते. धरणातून सुटलेलं पाणी रिकाम्या हाताचं असतं, ते खालचं पात्र खरवडतं. त्यात घाटांवरून रेती उचलली जाते, आणि वरून येणाऱ्यापेक्षा जास्त उचलली तर खड्डे भरणार कसे? पुढे अंभोऱ्याला वैनगंगेत गेल्यावर गोसीखुर्द धरणाच्या साठलेल्या पाण्यात उरलेला गाळही पुन्हा थबकतो.

शेवटचं काम जूनमध्ये करायचं. एखाद्या छोट्या नाल्यातले लिंबाएवढे वीस गोटे पिवळ्या ऑइल पेंटने रंगवा, नंबर टाका, आडव्या ओळीत ठेवा आणि जवळच्या झाडाला खूण करा. दिवाळीच्या सुट्टीत टेप घेऊन शोधायला जा. सगळे सापडत नाहीत, काही रेतीखाली गाडले जातात. जे सापडतील त्यांचं अंतर वहीत नंबरासमोर लिहा आणि गोटे जिथे आहेत तिथेच राहू द्या, पुढच्या पावसाळ्यासाठी.