चेनसॉच्या चेनला ऑइल येत नाही? आधी बारचं भोक बघा

ऑइलची टाकी भरलेली, तरी चेन कोरडी, बारमधून (चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) धूर. अशा वेळी लोक थेट ऑइल पंप बदलायला निघतात. जरा थांबा. बहुतेक वेळा दोष साठलेल्या भुशाचा असतो.

१. मशीन बंद करा, स्पार्क प्लगची टोपी काढा (बॅटरीचं असेल तर बॅटरी), हातमोजे घाला. हे न करता चेनला हात लावूच नका.

२. बार काढा. बुडाशी ऑइल शिरण्याचं बारीक भोक असतं, ते पातळ तारेने मोकळं करा. बारची खाच आणि मशीनवरचं ऑइलचं तोंडही पुसा.

३. बार उलटा करून बसवा. झीज दोन्ही कडांना सारखी होते, हा वरचा फायदा.

४. जोडून झाल्यावर बारचं टोक कोरड्या पुठ्ठ्यासमोर, न टेकवता धरा आणि मशीन वेगात चालवा. ऑइलची रेघ उमटली की झालं.

नाही उमटली, तर टाकीतली जाळी तुंबली असेल. झाकण सैल करून पुन्हा घट्ट केल्यावर ऑइल थोडा वेळ येऊन थांबत असेल, तर टाकीत हवा जायची वाट बंद आहे. पंपाचा नंबर त्यानंतर.